घाट चढण्यापूर्वी

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरच्या वाटेने गेले, की सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट लागतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, कोकणातील बंदरांत उतरलेला माल घेऊन व्यापाऱ्यांचे तांडे याच घाटाने जुन्नरच्या पेठेत येत. घाटाच्या माथ्याशी खडकात कोरलेले एक लेणे आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख तेथे आजही पाहावयास मिळतो. त्या लेखातील अंक हे भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांपैकी आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे लोक सांगतात. परंतु लेख आणि रांजण यांच्याइतकीच लक्ष देण्याजोगी आणखी एक गोष्ट तेथे आहे. ती म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाण्याला तोटा नसतो. पण पाऊस सरला, की तेच पाणी दऱ्याखोऱ्यांतून वाहून जाते आणि वैशाखात कातळ तापून निघतो. अशा वेळी घाट चढून आलेल्या वाटसरूला आणि त्याच्या जनावराला पाणी कोठून मिळावे? कोणीतरी दूरदर्शी माणसांनी हा विचार आधीच केला आणि हाती छिन्नी घेतली. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो; त्या लोकांनी ते करून दाखविले.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आज सहावी, सातवी किंवा आठवीत आहात. महाविद्यालय तुमच्यापासून अजून चार-सहा वर्षे दूर आहे. तेव्हा ‘आतापासून त्याचा विचार कशाला? दहावी तर होऊ द्या!’ असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल. हे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते खरे नाही. महाविद्यालयाची काही दारे आपण तेथे पोहोचण्याच्या पुष्कळ आधीच उघडतात किंवा बंद होतात. ती कोणती, आणि उघडी ठेवण्यासाठी काय करावे, हे आज आपण पाहू.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेजारी तालुके आहेत. त्यांच्या पश्चिमेस डोंगर, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे आहेत. पूर्वेस द्राक्षे, टोमॅटो, कांदा आणि ऊस यांची शेते आहेत. उच्च शिक्षणासाठी पुण्याची वाट धरण्यावाचून येथील मुलांना एके काळी गत्यंतर नव्हते. आज तशी स्थिती नाही. जुन्नरला श्री शिवछत्रपती महाविद्यालय आहे. ओतूरला अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, मंचरला रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आणि घोडेगावला बी. डी. काळे महाविद्यालय आहे. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि २००९ साली तेथेच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. महाविद्यालय अशा रीतीने आपल्या शिवारात आले. तथापि दार जवळ आले म्हणजे आत प्रवेश झाला, असे होत नाही.

दहावीनंतर वाटेला फाटे फुटतात. अकरावीत कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी एक शाखा निवडावी लागते. ज्याला अभियंता व्हावयाचे आहे, त्याला बारावीपर्यंत भौतिकशास्त्राबरोबर गणित शिकावे लागते. ज्याला डॉक्टर व्हावयाचे आहे, त्याला जीवशास्त्र सोडून चालत नाही. शिवाय केवळ बारावीच्या गुणांवर तेथे प्रवेश मिळत नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी सर्व देशाची मिळून ‘नीट’ ही परीक्षा असते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी या अभ्यासक्रमांसाठी महाराष्ट्र राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. एखाद्या मुलाने अकरावीत गणिताला भिऊन ते सोडले आणि बारावीच्या अखेरीस त्याला अवसरीच्या महाविद्यालयाची आठवण झाली, तर त्याचा काय उपयोग? कुलूप त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःच लावलेले असते.

गणिताची ही धास्ती तरी अकरावीत जन्म घेते काय? बहुधा नाही. सहावी-सातवीत अपूर्णांक कच्चे राहतात. ते कच्चे राहिल्यामुळे पुढे गुणोत्तर-प्रमाण समजत नाही. ते न समजल्यामुळे बीजगणित अवघड होते. पायाची एक वीट खिळखिळी असली, की वरच्या मजल्यावर भेग दिसते. म्हणून न समजलेले उदाहरण घेऊन आज गुरुजींकडे किंवा बाईंकडे जाणे, ही महाविद्यालयाची पहिली तयारी होय.

सर्वांनी विज्ञान शाखेलाच जावे, असा याचा अर्थ नाही. नाणेघाटातील लेख वाचता आला, तो प्राचीन लिपी, भाषा आणि इतिहास यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांमुळेच. शिक्षक, वकील, पत्रकार, प्रशासक अशा अनेक वाटा कला आणि वाणिज्य शाखांतूनही निघतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळविता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एखादा व्यवसायही शिकता येतो. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचेच शास्त्र शिकावेसे वाटले, तर पुण्याचे कृषी महाविद्यालय १९०७ सालापासून ते काम करीत आहे. कोणतीही शाखा हलकी नाही किंवा भारी नाही. मित्राने निवडली म्हणून आपणही तीच निवडणे, हे मात्र हलकेपणाचे आहे.

दीर्घकाळ तयारी करून केवढे कार्य उभे राहते, याचे उदाहरण आपल्या भागातच पाहावयास मिळते. नारायणगावजवळ खोडद येथे मीटर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणारी एक प्रचंड दुर्बीण आहे. तिला ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ असे म्हणतात. तारजाळीच्या ३० अँटेना मिळून ही दुर्बीण बनली आहे. प्रत्येक अँटेनाचा व्यास ४५ मीटर आहे. १४ अँटेना मध्यभागी जवळजवळ आहेत, तर उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. आकाशातील दूरदूरच्या तारकासमूहांतून येणाऱ्या अतिक्षीण लहरी त्या टिपतात.

ही दुर्बीण उभारणारे प्रमुख शास्त्रज्ञ म्हणजे प्राध्यापक गोविंद स्वरूप. त्यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारा या गावी झाला. १९५० साली ते अलाहाबाद विद्यापीठाची एम. एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत अभ्यास करून १९६३ साली, डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून, ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांनी एकदम खोडदच्या दुर्बिणीला हात घातला नाही. आधी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरी पर्वतात उटी येथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. ती १९७० साली काम करू लागली. तेथे मिळालेल्या अनुभवाच्या बळावर पुढे खोडदचे मोठे कार्य हाती घेण्यात आले. अगोदर लहान, मग मोठे; अगोदर पाया, मग शिखर, असा हा क्रम होता. प्राध्यापक स्वरूप २०२० साली निवर्तले. त्यांची दुर्बीण आजही आकाशाचा वेध घेत आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीस, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरविले जाते आणि शाळाशाळांची मुले आपले प्रयोग तेथे मांडतात. तुमच्या शाळेने त्यात भाग घेतला, तर तेथील शास्त्रज्ञांना एक प्रश्न अवश्य विचारा : ‘तुम्ही आमच्या वयाचे असताना काय शिकत होता?’

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. पहिली तयारी अभ्यासाची. ती आपण पाहिली. दुसरी तयारी पैशाची. पुष्कळ हुशार मुलांचे शिक्षण बुद्धीअभावी नव्हे, तर पैशाअभावी थांबते. म्हणून साहाय्य कोठे व केव्हा मिळते, हे वेळेपूर्वी ठाऊक असले पाहिजे. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा दोन प्रश्नपत्रिका असतात. ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नाही आणि जे शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळांत शिकतात, त्यांना या परीक्षेला बसता येते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मात्र या परीक्षेला बसण्यासाठी सातवीत ठरावीक टक्के गुण असावे लागतात. सातवीचे वर्ष ‘बिनमहत्त्वाचे’ म्हणून जो दवडतो, तो काय गमावतो, हे यावरून ध्यानात येईल.

शासकीय निवासी शाळांतील मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. कारण त्यांचा निवास-भोजनाचा खर्च शासन आधीच करते. आदिवासी विद्यार्थ्यांना दहावीनंतरच्या शिक्षणासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. शहरांत व तालुक्यांच्या गावी त्यांच्यासाठी शासकीय वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना ‘स्वयं’ योजनेतून निवास-भोजनासाठी रक्कम मिळू शकते. या सर्वांची माहिती घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात मिळते.

तिसरी तयारी कागदपत्रांची. ही सर्वांत नीरस वाटते. पण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे हातात आलेली जागा निसटल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि पुढे जात-वैधता प्रमाणपत्र यांपैकी जे ज्याला लागू असेल, ते त्याला प्रवेशाच्या वेळी सादर करावे लागते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला आपले कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो कोठे सापडतो? पुष्कळदा पणजोबांच्या किंवा आजोबांच्या शाळेतील जुन्या नोंदवहीत, किंवा जमिनीच्या जुन्या कागदांत. आता आंबेगाव तालुक्याचेच पाहा. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. धरणामुळे ज्या कुटुंबांना घरे सोडावी लागली, त्यांना जुने कागद शोधण्यास अधिकच वेळ लागणार. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाला थोडे दिवस उरलेले असताना हा शोध सुरू करणे, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावी-बारावीतच जात-पडताळणीसाठी अर्ज करता येतो. तुम्ही तर त्याहून आधीच एक काम करू शकता. येत्या सुट्टीत आजोबांना विचारा : ‘तुम्ही कोणत्या शाळेत शिकलात? शाळेत तुमचे नाव काय लावले होते?’ आणि ते उत्तर वहीत लिहून ठेवा. तसेच शाळेच्या दाखल्यावरील स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख अचूक आहे ना, हेही पाहून घ्या. एखाद्या काना-मात्रेची चूक आज सुधारणे सोपे आहे; पुढे तीच डोंगराएवढी होते.

चौथी तयारी सवयींची. डोंगराकडील मुलांना भातलावणीच्या दिवसांत घरच्यांबरोबर खाचरात उतरावे लागते. उन्हाळ्यात हिरडा गोळा करावा लागतो. पूर्वेकडील मुलांना टोमॅटोच्या तोडणीला हात लावावा लागतो. या कामाची लाज मुळीच नको. पण ज्या दिवसांत शाळा चुकणार हे ठाऊक आहे, त्या दिवसांचा पाठ आधीच वाचून ठेवता येतो, किंवा मित्राची वही मागून नंतर भरून काढता येतो. रोज अर्धा तास अवांतर वाचन केले, तर वर्षातील ३०० दिवसांत १५० तास होतात. आठवी ते बारावी या पाच वर्षांत ७५० तास होतात. आठवड्याला २० रुपये बाजूला टाकले, तर पाच वर्षांत सुमारे ५,२०० रुपये साठतात. परीक्षेचे अर्ज, प्रवासाचे भाडे, पुस्तके यांना ते उपयोगी पडतात. थेंबे थेंबे तळे साचते. मात्र पहिला थेंब आज पडावा लागतो.

येथे मुलींविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घरात पैशाची ओढ लागली, की पुष्कळदा प्रथम मुलीचे शिक्षण थांबविले जाते. ‘दहावी झाली, पुरे झाले, पुढचा खर्च कोण करणार?’ असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे माहिती ठेवावी. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेच्या प्रवासासाठी एस. टी. चा मोफत पास मिळतो. २०२४-२५ या वर्षापासून, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील ज्या मुली शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांस प्रवेश घेतात, त्यांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क महाराष्ट्र शासनाने पूर्णपणे माफ केले आहे. हे जिला आठवीत ठाऊक आहे, ती दहावीत वडिलांच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल. जिला ते ठाऊक नाही, ती कदाचित गप्प राहील. आणि त्या गप्प राहण्याची किंमत तिला आयुष्यभर मोजावी लागेल.

महाविद्यालयात गेल्यावरही स्वावलंबनाची वाट खुली असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि श्रम करून शिकण्याचा मार्ग गरीब मुलांना दाखविला. त्यांच्याच नावाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना चालते. तीत विद्यार्थी काही तास काम करून आपल्या खर्चाचा भार स्वतः उचलतात.

कोणी विचारील, ‘आज ठरविलेले उद्या बदलले तर?’ अवश्य बदलावे! बारा-तेरा वर्षांच्या मुलाने आयुष्याचा निश्चय कायमचा करून टाकावा, असे कोणी म्हणत नाही. आज तुम्हांला वैमानिक व्हावेसे वाटेल. उद्या पशुवैद्य, परवा शिक्षक. योजना म्हणजे बेडी नव्हे. मात्र ज्याने अभ्यास पक्का केला, कागद सांभाळले, चौकशी केली, त्याला वाट बदलता येते. ज्याने काहीच केले नाही, त्याला मिळेल त्या वाटेने जावे लागते.

तेव्हा एक लहानशी वही करा. तिच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा : मला काय व्हावेसे वाटते, त्यासाठी कोणते विषय लागतात, कोणती परीक्षा द्यावी लागते, कोणते कागद जमवावे लागतात. जे ठाऊक नसेल, ती जागा कोरी ठेवा आणि शिक्षकांना, महाविद्यालयात जाणाऱ्या दादा-ताईंना विचारून ती भरा. दर वर्षी जून महिन्यात नवे पान उघडा. पहिल्या पानावर कोऱ्या जागा पुष्कळ असतील. दहावीच्या वर्षी उघडलेल्या पानावर त्या थोड्याच उरल्या, तर तुमची तयारी योग्य दिशेने चालली आहे, असे खुशाल समजा.

स्वाध्याय

१. नाणेघाटातील पाण्याच्या टाक्यांचे उदाहरण पाठाच्या आरंभी कशासाठी दिले आहे?
२. ‘कुलूप त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःच लावलेले असते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. सातवीचे वर्ष महत्त्वाचे का आहे? कारण लिहा.
४. उटी व खोडद येथील दुर्बिणींच्या उभारणीतून कोणता बोध होतो?
५. पाठात सांगितल्याप्रमाणे चार रकान्यांची वही तयार करा व तिचे पहिले पान वर्गात वाचून दाखवा.
६. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या शाळेविषयी विचारा व त्यावर दहा ओळी लिहा.